मैल्यासाठी राखीव

सांडपाणी शुद्धीकरणाला सरकार पैसे देत नाही, ही वसई-विरारची जुनी तक्रार. खोटी नाही ती. पण तक्रार करणाऱ्याला आधी एक गोष्ट विचारावीशी वाटते. बाबा रे, उद्या सकाळी मंत्रालयाने पोत्यांनी पैसे पाठवले, तर केंद्र बांधणार कुठे?

जागा होती. नालासोपारा पूर्वेला आचोळ्यात, अग्रवाल नगरीच्या अंगाला, सुमारे ६० एकर. शहराच्या मंजूर विकास आराखड्यात ती दोनच कामांसाठी राखलेली: सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि डम्पिंग ग्राउंड. म्हणजे शहराला जे जे नको, त्याचं हक्काचं घर. नकाशावर रंग भरला, सर्व्हे नंबर लिहिले, शासनाचा शिक्का बसला. मग नकाशा कपाटात गेला आणि जमीन बाजारात. बघता बघता तिथे ४१ इमारती उभ्या राहिल्या आणि अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं राहायला आली. मैला शुद्ध करायच्या जागेवर मैला तयार करणारी माणसं!

हिशेबच करू. कुटुंबात पाच माणसं धरा. माणशी रोज १३५ लिटर पाणी, हे सरकारी मानक. त्यातलं ८० टक्के पाणी गटारात जातं, हेही सरकारी मानक. म्हणजे शहराचं सांडपाणी जिथे शुद्ध व्हायचं, त्याच भूखंडातून रोज साडेतेरा लाख लिटर सांडपाणी बाहेर पडायला लागलं. आरक्षणाचा हेतू इतका तंतोतंत उलटवून दाखवायलाही अक्कल लागते.

४१ इमारती काही रात्रीत उगवत नाहीत. पायासाठी जेसीबी येतो, रेडीमिक्सच्या गाड्या येतात, स्लॅबच्या दिवशी नारळ फुटतो, मांडव पडतो. विजेचे मीटर लागतात. आणि आपल्या कायद्याची गंमत अशी की बेकायदा इमारतीलाही घरपट्टी लावता येते, वर शास्तीची तरतूद आहे. या सगळ्या काळात एकाही साहेबाची गाडी त्या रस्त्याने गेली नसेल, असं मानायचं असेल तर माना. वसईकर मानायला सरावलेला आहे.

जमीनमालकांपैकी काहींनी कोर्ट गाठलं. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इमारती पाडायचा आदेश दिला. नोव्हेंबरात सात पडल्या, उरलेल्या ३४ जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये. पाडकामाच्या ढिगाऱ्यात एक गोष्ट हमखास शाबूत राहते: पांढरा कमोड. भिंत जाते, छप्पर जातं, हप्ते फिटायच्या आत घर जातं. कमोड मात्र विटांच्या राशीवर ताठ बसलेला असतो. ज्यांनी बारा-पंधरा वर्षं रक्त आटवून त्या खोल्या घेतल्या, त्यांची चेष्टा इथे करायची नाही. चेष्टा त्यांची झालेलीच आहे, तीही रीतसर स्टॅम्पपेपरवर.

पुढचा अंक ईडीने लावला. मे २०२५ मध्ये छापे पडले. महापालिकेच्या नगररचना उपसंचालकांच्या हैदराबादच्या घरातून ८ कोटी ६० लाखांची रोकड आणि २३ कोटी २५ लाखांचं हिरे-सोनं मिळाल्याचं ईडीने सांगितलं. ऑगस्टात त्यांना अटक झाली; नुकतेच पायउतार झालेले आयुक्तही आत गेले. ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने आयुक्तांची अटक बेकायदा ठरवली. आरोप सिद्ध व्हायचे आहेत आणि ते काम कोर्टाचं; आपण त्यात पडू नये. पण ईडीने जे दरपत्रक मांडलं ते वाचून मला वेगळाच प्रश्न पडला. ईडी म्हणते, बांधकामाच्या परवानग्यांना चौरस फुटामागे आयुक्तांचे २० ते २५ रुपये आणि उपसंचालकांचे १० रुपये असा भाव ठरलेला होता. समजा, हा दावा खरा निघाला. मग याचा अर्थ असा की या शहरात दर चौरस फुटामागे ३०-३५ रुपये, बिनचूक, बिनबोभाट, विनाथकबाकी वसूल करणारी यंत्रणा तयार होती. एक कोटी चौरस फुटांमागे तीन-साडेतीन कोटी होत नाहीत हो, तीस-पस्तीस कोटी होतात. इतका वसुलीचा हातखंडा असलेल्या गावाने शासनाकडे निधीसाठी हात पसरावे, हा कुठला विनय?

आता निधीकडे वळू. पण त्याआधी नळ.

वसई-विरारला पाणी मिळावं म्हणून लोकांनी हंडे मोर्चे काढले, उपोषणं केली, निवडणुका पाण्यावर लढवल्या आणि पाण्यावरच जिंकल्या. ते सगळं रास्तच होतं. सूर्या धरणाचं २०० दशलक्ष लिटर, उसगावचं २०, पेल्हारचं १०, असं रोजचं २३० दशलक्ष लिटर पाणी बरीच वर्षं शहराला येत होतं. मग एमएमआरडीएने सूर्या प्रादेशिक योजना केली. एकूण ४०३, त्यातलं १८५ वसई-विरारचं, २१८ मीरा-भाईंदरचं. २०२३ मध्ये पाणी दारात येऊन उभं राहिलं तेव्हा ते उद्घाटनाच्या तारखेसाठी अडवून धरल्याची ओरड झाली. पाण्याला मुहूर्त लागतो, हे आपल्याकडे सगळ्यांना कळतं.

सांडपाण्याला मुहूर्त लागत नाही. ते येतंच. २३० आणि १८५ मिळून ४१५. त्याचे ८० टक्के ३३२. मंजूर पाणी पूर्ण यायला लागलं की रोज ३३२ दशलक्ष लिटर सांडपाणी, आणि त्यात बोअरवेलचं नि टँकरचं पाणी धरलेलंच नाही. ते रिचवायला शहराकडे आहे काय? विरार पश्चिमेला बोळिंजचं एक केंद्र, क्षमता ३० दशलक्ष लिटर. शंभर लोटे भरून आले तर नऊ शुद्ध होतील, तेही केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर. उरलेले एक्याण्णव कुठे जातात ते नालासोपाऱ्याच्या कुठल्याही पुलावर उभं राहिलं की दिसतं, आणि उभं राहायचीही गरज नाही, रिक्षातून जाताना डोळे मिटले तरी पुरे.

पाणी पाठवताना त्याच फाइलमध्ये परतीचा मार्ग का लिहिला नाही? दवाखान्यात सलाइन लावणारी नर्ससुद्धा आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा तक्ता खाटेला टांगते. राज्याच्या नियोजनात हा तक्ता एकाच बाजूने भरलेला असतो. आत १८५. बाहेर: कोरं. पाणीपुरवठ्याचं श्रेय घ्यायला तीन पक्ष आणि सात बॅनर असतात. गटाराचं श्रेय घेणारा एकही फ्लेक्स मी स्टेशनाबाहेर पाहिलेला नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांना जागा पुरत नाही, त्यात मलनिस्सारण कुठे बसवणार.

तर निधी. केंद्राची अमृत २.० योजना ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाली. दहा लाखांवरच्या शहरांना केंद्र प्रकल्पाचा पाव खर्च देतं, बाकीचं राज्याने आणि महापालिकेने आपसात वाटून घ्यायचं. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार सव्वाबारा लाखांच्या आसपास होतं, म्हणून आपण मोठ्या शहरांच्या पंगतीला. पंगत मोठी, वाढप कमी: लहान गावांना केंद्र निम्मा खर्च देतं, एक ते दहा लाखांच्या शहरांना तिसरा हिस्सा, आणि आपल्याला चौथा. म्हणजे लोकसंख्या जितकी वाढवाल तितकं स्वतःचं स्वतः निस्तरा. तत्त्व म्हणून ठीकच आहे. मोठ्या शहराचं उत्पन्न मोठं असतं, असं दिल्लीला वाटतं. उत्पन्न मोठं आहेच. ते कोणाचं, एवढाच तपशील राहतो.

हे पैसेही एका झटक्यात येत नाहीत. केंद्राचा हिस्सा २०-४०-४० अशा तीन हप्त्यांत. आणि त्या पहिल्या वीस टक्क्यांपर्यंत पोचायला फाइलचा जो प्रवास होतो, तो पाहून विरार फास्टमध्ये लोंबकळणाऱ्यालाही तिची दया येईल. महापालिका सल्लागार नेमते. सल्लागार प्रकल्प अहवाल करतो. जीवन प्राधिकरण त्याला तांत्रिक मान्यता देतं. मग राज्याची तांत्रिक समिती, मग मुख्य सचिवांची उच्चाधिकार समिती, मग दिल्ली. दिल्लीहून परत आली की प्रशासकीय मान्यता, शासन निर्णय, निविदा. तोवर दरसूची बदललेली असते, म्हणून अंदाजपत्रक सुधारायचं. सुधारलं की पुन्हा मान्यता. आणि एवढं सगळं पार पडून ठेकेदार पाइप घेऊन आला, की महापालिका विचारते, जागेचं काय झालं?

इथे आपण पुन्हा आचोळ्यात येतो. ही गोष्ट कुठूनही सुरू केली तरी आचोळ्यातच येते.

राज्याने मदत केली तर ती शुद्धीकरण केंद्राच्या यंत्रांसाठी, पंपांसाठी, पाइपांसाठी करेल. जागा स्थानिक स्वराज्य संस्थेने द्यायची असते. आपल्याकडचं स्वराज्य इतकं स्थानिक आहे की जागा आधीच स्थानिकांनी वाटून घेतलेली. आणि केंद्र म्हणजे काही मोबाइल टॉवर नव्हे, गच्चीवर बसवला आणि झालं. वसईची जमीन सपाट, अर्धी खाजणाची, पावसाळ्यात पाणी वीतभर खाली. गटार उताराने वाहायला हवं, पण उतार आणायचा कुठून? म्हणून ठिकठिकाणी उपसा केंद्रं लागतात, त्यांना वीज लागते, वीज गेली तर जनरेटर, आणि त्या प्रत्येकाला पुन्हा गुंठा-दोन गुंठे. जागा जितकी दूर ढकलाल तितका पाइप लांब आणि पंप मोठा. आचोळ्याची जागा गेली ती एकदाच, तिची किंमत शहर पुढची तीस वर्षं विजेच्या बिलात भरणार.

आणि समजा केंद्र उभं राहिलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१ चा हिशेब आहे: देशातल्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघतं, शुद्धीकरणाची क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्ष शुद्ध होतं २०,२३६. म्हणजे बांधलेल्या क्षमतेचा तिसरा हिस्सा नुसता बांधलेला आहे. कुठे घरापासून गटारापर्यंतचं शेवटचं दहा फुटांचं कनेक्शन नाही, कुठे वीजबिल थकलंय, कुठे चालवायला माणूस नाही. केंद्राच्या उद्घाटनाला निधी मिळतो. केंद्र चालवायला मिळत नाही. चालवणं हे काही कोनशिलेवर कोरता येत नाही.

मग दंड तरी कामी येईल, असं भाबड्या लोकांना वाटतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये देशभरासाठी दर ठरवून दिले: मुदतीत केंद्र सुरू केलं नाही तर केंद्रामागे महिन्याला १० लाख. ऐकायला जबर. आता शेट लोकांच्या वहीत मांडून बघा. एखादं केंद्र पन्नास कोटींचं धरलं आणि आठ टक्क्यांनी कर्ज काढलं तर वर्षाचं नुसतं व्याज चार कोटी. चालवायचा खर्च वेगळा. दंड वर्षाला सव्वा कोटीच्याही आत. पापडी बाजारातल्या कुठल्याही किराणेवाल्याला विचारा काय करायचं. तो म्हणेल, शेट, दंड भरा. नाही, तोही भरायची गरज नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये लवादाने अख्ख्या महाराष्ट्राला सांडपाणी आणि कचऱ्यापायी १२ हजार कोटींची भरपाई ठोठावली; प्रक्रियेविना सुटणाऱ्या दर दशलक्ष लिटर सांडपाण्यामागे दोन कोटी, असा भाव. त्या भावाने आपल्या ३०२ दशलक्ष लिटरच्या तुटीचे ६०४ कोटी होतात. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तीन महिन्यांच्या आत स्थगिती आली. स्थगितीची फाइल कशी पळते ते बघण्यासारखं असतं. तिला जीवन प्राधिकरणाची तांत्रिक मान्यता लागत नाही.

मग सध्या मैला शुद्ध कोण करतं? आमचं खरं केंद्र चंद्रावर चालतं. खोटं वाटेल, पण सोसायटीची सेप्टिक टाकी तुंबली की मैल्याच्या टँकरवाल्याला फोन लावून बघा.

“दादा, आज या ना. चेंबरमधून वर येतंय. तळमजल्यावरच्या आजींना बाहेर पडता येत नाही.”

“आज नाय जमणार, काका. भरती हाय. उद्या पहाटं येतो.”

“भरतीचा काय संबंध?”

“काका, आता तुम्ही जुने माणूस. सगळं फोनवर नका विचारू.”

समजदार माणसाने पुढे विचारू नये, आणि काका विचारतही नाहीत. पहाटे पिवळा टँकर येतो. मनगटाएवढा, वळी पडलेला पाइप चेंबरमध्ये सोडतो, इंजिन अर्धा तास धडधडतं, काका नाकाला रुमाल लावून पैसे मोजतात, पावती मागत नाहीत. टँकर वळतो तो खाडीच्या बाजूला. ओहोटीने सगळं वाहून नेलं की काम फत्ते. भरतीला तेच परत येतं, पण तोवर टँकर दुसऱ्या सोसायटीत असतो. ज्या सोपाऱ्याच्या खाडीतून दोन हजार वर्षांपूर्वी जहाजं व्यापाराला जायची, जिथे अशोकाचा शिलालेख सापडला, त्या बंदराची निर्यात अजून बंद पडलेली नाही. फक्त माल बदललाय.

खाडीकाठच्या कोळ्यांच्या पाळण्यातल्या पोरालाही हे सगळं ठाऊक आहे. निवटी कुठे मिळेनाशी झाली, चिंबोरी काळवंडलेली का येते, जाळ्याला तेलकट साय कसली चढते, हे त्यांना विचारायला आजवर एकही सल्लागार गेल्याचं मी ऐकलेलं नाही. सल्लागाराला बंदरावरचा वास सहन होत नसावा.

पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांची तऱ्हा निराळी. तिथे बावखलं होती, काही अजून आहेत. पावसाचं पाणी साठवायचं, विहिरींना झरे द्यायचे, केळीला आणि पानवेलीला उन्हाळा काढून द्यायचा, असं ते बिनखर्चाचं, बिननिधीचं, बिनअध्यक्षांचं जलखातं. त्यातली कित्येक मातीचे डंपर ओतून बुजवली गेली, त्यावर इमारती आल्या. इमारतीला सेप्टिक टाकी आली, टाकीतलं झिरपून शेजारच्या विहिरीत आलं, विहिरीचं पाणी प्यायचं सुटलं, म्हणून टँकर आला. टँकर कुठून? पलीकडच्या गावातल्या विहिरीवरून. हरित वसईच्या झेंड्याखाली फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सोबती नव्वदीच्या तोंडावर बिल्डर आणि टँकर दोघांशी भांडले, तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणणारे आज वॉटर प्युरिफायरची सर्व्हिसिंग कधी आहे ते मोबाइलमध्ये टिपून ठेवतात.

जुलै २०१८ च्या पुराने या सगळ्याची एकदा जाहीर सभाच घेतली. नालासोपाऱ्यात रूळ बुडाले, गाड्या थांबल्या, वसईत दिवसच्या दिवस वीज नव्हती. तळमजल्यावरच्या घरांत जे पाणी शिरलं त्याला पुराचं पाणी म्हणणं हा शिष्टाचार झाला. नंतर नीरी आणि आयआयटीच्या तज्ज्ञांची समिती बसली, धारण तलाव करा म्हणाली. धारण तलाव म्हणजे पावसाचं पाणी थोपवून धरायला राखलेली मोकळी जागा. म्हणजे पुन्हा जागा. तज्ज्ञ मंडळी फार महागडं बोलतात.

मोठ्या गृहसंकुलांनी आपापली छोटी केंद्रं बांधावीत, असा एक मार्ग सरकारने काढला आहे. म्हणजे जे काम शहराला जमलं नाही ते सोसायटीच्या सेक्रेटरीने करायचं. तो बिचारा पार्किंगच्या भांडणातून उरला तर. एप्रिल २०२४ मध्ये विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटीत अशाच एका खासगी केंद्राची सफाई करताना चार कामगार गुदमरून मेले. हाताने मैला उपसायला माणूस उतरवण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. ग्लोबल सिटीच्या आधी, २०१९ मध्ये, नालासोपाऱ्यात सेप्टिक टाकीत तिघे गेले होते. या सातांसाठी कुठल्या योजनेचा कुठला हप्ता अडला, कुठल्या साहेबाची बढती रोखली गेली, हे कुणाला सांगता आलं तर मी हे सदर त्याच्या नावाने चालवीन. त्या दोन्ही वेळी शहराने काय केलं? मेणबत्त्यासुद्धा लावल्या नाहीत. चौकशीचे आदेश दिले.

एवढ्यात राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या पुनर्वापराचं धोरण मंजूर केलं. उद्योगांना ते पाणी विकायचं, शेतीला द्यायचं, त्यातून पैसा उभा करायचा. उत्तम आहे. शेजारी मुंबईत सात केंद्रं मिळून २,४६४ दशलक्ष लिटरचं काम चालू आहे, त्याची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी केली. दहिसरचा नाका ओलांडला की सांडपाण्याचा दर्जा बदलतो, एवढंच दिसतं. तिकडचं सांडपाणी राष्ट्रीय, आपलं स्थानिक.

महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि साडेपाच वर्षं प्रशासकांचा कारभार चालला. त्या काळात एक सोय होती: प्रश्न विचारायला कुणी नव्हतं, म्हणून उत्तरं नसल्याचं कुणाला कळलं नाही. जानेवारी २०२६ मध्ये एकदाची निवडणूक झाली. ११५ नगरसेवक सभागृहात आले. त्यांनी आल्या आल्या काय करावं हे सांगायला सगळे उभे आहेत, मीही उभा राहतो.

शासनाकडे निधी मागाच. राज्याने पाणी दिलं तर पाण्याच्या परतीचाही खर्च उचलला पाहिजे, यात दुमत नको. सूर्याचा नळ ज्या हाताने सोडला त्याच हाताने गटाराचा चेक लिहावा. पण मागणीपत्राच्या पहिल्या पानावर रक्कम लिहू नका. पहिल्या पानावर सातबारा लावा. विकास आराखडा २००१ ते २०२१ चा, त्याची मुदत संपून गेली. त्यात सांडपाणी केंद्रं, उपसा केंद्रं आणि धारण तलाव यांना किती जागा राखल्या होत्या, आज त्यावर काय उभं आहे, दर जागेचा आजचा फोटो. मोजणी करून, तारखेसह. हे काम करायला अमृतचा एकही हप्ता लागत नाही. एक सर्व्हेअर, एक फोटोग्राफर आणि थोडी निर्लज्जता लागेल, आणि तिसरी गोष्ट सभागृहात मुबलक आहे. ढिगारे उपसलेल्या त्या ६० एकरांना सगळ्यात आधी कुंपण घाला, नाहीतर ‘येथे लवकरच भव्य गृहप्रकल्प’ असा बोर्ड लागायला फार दिवस जायचे नाहीत.

आणि केंद्र झालंच, तर उद्घाटनाचा कार्यक्रम थोडा बदलून घ्या. आजवर फीत कापतात ती आत शिरणाऱ्या दारावर, जिथे नवा रंग आणि नव्या टाइल्स असतात. ती शेवटच्या पाइपाच्या तोंडाशी बांधा, जिथून शुद्ध झालेलं पाणी बाहेर पडतं. मंडप तिथे घाला, खुर्च्या वाऱ्याच्या दिशेने मांडा. प्रमुख पाहुण्यांनी पाणी हातात घ्यायचं नाही, तेवढी सक्ती नको. फक्त तासभर बसायचं. शेवटच्या बिलावर सही मात्र ना आयुक्तांची, ना मंत्र्यांची. नंदाखाल नाहीतर गासच्या बाजूच्या एखाद्या वाडीवाल्याला बोलवा, जो पहाटेच्या गाडीने दादरला चाफा आणि मोगरा नेतो. त्याला एक बादली भरून द्या. ते पाणी त्याने आपल्या मोगऱ्याला घातलं, तर शेवटचे चाळीस टक्के सोडा. त्याने बादली तशीच ठेवून गाडी पकडली, तर ठेकेदाराला परत पाठवा आणि खुर्च्या तिथेच राहू द्या.